माप आतून की बाहेरून

आयागोझ, १२ जून १९८१

ड्रॉइंग काढणाऱ्या साहेबांना सलाम.

मेंढपाळांच्या शेगडीचं तुमचं ड्रॉइंग कारखान्यात पोचलं. कोपऱ्यात नाव वाचलं, येरमेक सादुआकासोव. येरमेक म्हणजे करमणूक. नाव सार्थ आहे. सकाळपासून इथे सगळ्यांची चांगलीच करमणूक चालली आहे.

शेगडीचं पोट दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं. त्याच्या तोंडाची रुंदी तुम्ही लिहिली आहे तीनशे, आणि त्यात बसणाऱ्या दाराची दोनशे नव्याण्णव. आम्ही तसंच वाकवलं. दार आत जात नाही. हातानं ढकललं, लाकडी हातोडीनं ठोकलं, शेवटी चार शिव्याही घालून पाहिल्या.

आता एवढंच कळवा, की हे तीनशे आतून की बाहेरून? पत्र्याला जाडी असते, साहेब. बाहेरून तीनशे धरलं, तर दोन बाजूंच्या भिंती वजा जाऊन आत उरतात दोनशे शहाण्णव. त्यात दोनशे नव्याण्णवाचं दार घालणं म्हणजे उंटाला बकरीच्या दारातून नेणं. तुमचा बाण तर बाहेरच्या रेघेला टेकलेला स्पष्ट दिसतो.

चारशे शेगड्या करायच्या आहेत. ऑक्टोबरात बर्फ पडतो. तेव्हा उत्तर लवकर यावं.

झ. कोझाबेक
पत्रे वाकवण्याचा विभाग


अल्मा-आता, २४ जून १९८१

आदरणीय कोझाबेक आगा,

आपलं पत्र मिळालं. तीनशे हे माप अर्थातच आतून आहे. दार जर आत बसायचं आहे, तर माप आतूनच असणार, हे साध्या तर्कानंही कळण्यासारखं आहे. बाणाचं म्हणाल, तर ट्रेसिंग करणाऱ्या मुलीचा हात घसरला असावा. तिला समज दिली आहे.

मात्र ड्रॉइंगच्या तळाशी असलेली सूचना आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. प्रत्येक मापाला जास्तीत जास्त एक दशांश मिलिमीटर इकडेतिकडे एवढीच सूट आहे. माझं शिक्षण लेनिनग्राडला झालं. तिथे आम्हाला शिकवलं, की काटेकोरपणा हीच अभियंत्याची इभ्रत. आपल्या विभागानंही ती राखावी ही विनंती.

येरमेक सादुआकासोव
अभियंता


आयागोझ, ५ जुलै १९८१

अभियंता साहेब,

आगा म्हटलंत, बरं वाटलं. या वयात असा मान कोण देतं!

आता आम्ही आतून तीनशे वाकवतो. ट्रेसिंग करणाऱ्या त्या मुलीचं नाव मात्र जरूर कळवा. तिच्यासाठी पिशवीभर कुर्त, दह्याचे खारट वाळवलेले गोळे, पाठवण्याचा विचार आहे. दुसऱ्याची चूक अशी निमूट अंगावर घेणारी माणसं हल्ली फार उरली नाहीत.

आता मापांतल्या त्या सुटीबद्दल. एक दशांश मिलिमीटर म्हणजे माझ्या डोक्यावरचा एक पांढरा केस. तुम्ही सगळ्या शेगडीला केसाचं माप लावलंय. राखेच्या कप्प्याला केस, पायांना केस, धुराड्याच्या भोकाला केस. पत्रा म्हणजे कागद नव्हे. काटकोनात दाबला, की मशीनमधून सुटताच अंग सैल करतो आणि अंशभर, कधी दीड अंश मागे उलगडतो. म्हणून त्याला आधीच थोडं जास्त दाबावं लागतं. किती जास्त, ते त्या त्या गठ्ठ्याच्या स्वभावावर. एक गठ्ठा सासरी आलेल्या सुनेसारखा मऊ, तर दुसरा तिच्या सासूसारखा.

शिवाय बिजागरीची भोकं बघा. पहिलं काठापासून, दुसरं पहिल्यापासून, तिसरं दुसऱ्यापासून, आणि मध्ये एक बाक. प्रत्येक ठिकाणची चूक पुढच्याच्या खांद्यावर बसते. शेवटच्या भोकापर्यंत पोचेतो ती चांगली घोड्यावर स्वार झालेली असते. सगळी मापं एकाच काठापासून द्यायला काय हरकत होती?

कुठे केस हवा आणि कुठे बोट चालेल, एवढं सांगा. बाकी इथलं इथे बघून घेऊ.

झ. कोझाबेक


अल्मा-आता, १६ जुलै १९८१

आदरणीय कोझाबेक आगा,

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची वेळ माझ्यावर आणू नका. आपण वडीलधारे आहात म्हणून जपून लिहितो. पन्नाशीनंतर दृष्टी अधू होते, हात कापतो, यात लाजण्यासारखं काही नाही. माझे काका याच वयात सुतारकाम सोडून घरी बसले. संध्याकाळच्या एखाद-दोन पेल्यांचाही दुसऱ्या दिवशीच्या मापांवर परिणाम होतो, असं म्हणतात. आपल्या पत्नीला माझा सलाम सांगा, आणि त्यांनी याकडे थोडं लक्ष दिलं तर शेगड्यांचं भलं होईल.

मापांतल्या सुटीबाबत मी ठाम आहे. कामगाराला बोट दिलं की तो हात धरतो, असं आमचे मुख्य अभियंता राइमकुलोव नेहमी म्हणतात.

येरमेक सादुआकासोव


आयागोझ, १ ऑगस्ट १९८१

येरमेक बाळा,

आता तुला अरे-तुरेच करते, राग मानू नकोस. तुझा सलाम पोचवायला मी बायकोला शोधायला निघाले. घरात शोधलं, अंगणात शोधलं. मग आठवलं, की मला बायको नाही. नवरा होता, तो बिचारा गेला. पेल्यांवर लक्ष ठेवायचं काम तो हयात होता तेव्हा मीच करायचे.

माझं नाव झाउरेश. युद्धाच्या साली बाप्ये आघाडीवर गेले, तेव्हा तेरा वर्षांच्या मला पायाखाली खोकं देऊन या मशीनपुढे उभं केलं. तेव्हापासून इथेच आहे. पेन्शनला तीन वर्षं उरलीत. माझ्या हाताखालची माणसं मला आपा म्हणतात. तुला आगाच आवडत असेल तर तसं म्हण, मी ओ देईन.

आता कामाचं ऐक. तुझं ड्रॉइंग मी अक्षरशः पाळलं. दहा शेगड्या केसाच्या मापानं केल्या. त्यांना अकरा दिवस लागले आणि तेवीस पत्रे वाया गेले. त्यातली एक उन्हाळी कुरणावर दामेशकडे पाठवली. ती सहाशे मेंढ्या आणि एक नवरा सांभाळणारी बाई, म्हणजे शेगडी पारखायला योग्य माणूस. तिनं आत गोवऱ्या पेटवल्या, वर दूध ठेवलं. दार तापलं, फुगलं आणि तोंडात रुतून बसलं. अर्ध्या मिलिमीटरची फट ती किती पुरणार! दूध उतू चाललेलं, आणि आतला विस्तव बाहेर ओढता येईना. दामेशनं लाथ घातली. दार जागचं हललं नाही, शेगडी मात्र तीन पावलं चालली. त्यानंतर ती तुझ्याबद्दल जे बोलली ते मी लिहीत नाही. टपालखात्यात तरुण मुली काम करतात.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. गेल्या हिवाळ्यात तारबागाताई डोंगराच्या पायथ्याशी एका तळावर जुन्या, तडकलेल्या शेगडीचा धूर घरात कोंडला. तिघं बेशुद्ध पडली. वाचली, पण त्यातल्या म्हातारीला अजून दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. म्हणून या चारशे शेगड्या. तुझ्या टेबलावर तो कागद आहे, इथे तो कुणाचा तरी श्वास आहे.

उपाय सोपा आहे. दार लहान कर, दोनशे चौऱ्याण्णव. आत सैल जाऊ दे, तापून फुगायला जागा मिळू दे. आणि दाराच्या चारी बाजूंनी दोन बोटं रुंद ओठ काढ, जो बाहेरून तोंडाच्या काठावर टेकेल. मग पोट दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी धूर आतच राहील. केसाचं माप फक्त बिजागरीच्या भोकांना ठेव, तिथे ते लागतं. सोबत पुठ्ठ्याचं दार चौकटीसकट कापून पाठवते आहे. हातात धरून बघ.

झाउरेश आपा


अल्मा-आता, १२ ऑगस्ट १९८१

आदरणीय झाउरेश आपा,

हे पत्र मी चार वेळा फाडून लिहितो आहे. काय बोललो मी तुम्हाला! आईला सांगितलं, तर तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी बोलली ती एवढंच, ‘तुला शहरात शिकवायला नको होतं.’ माफ करा.

पुठ्ठ्याचं दार माझ्या टेबलावर आहे. मी ते उघडतो, लावतो. तुमचं म्हणणं पटतं. पण आपा, ड्रॉइंग आता माझं राहिलेलं नाही. त्यावर नऊ जणांच्या सह्या आहेत. एक रेघ बदलायची तर नऊ दारं ठोठावायची. आणि नोव्हेंबरात मॉस्कोच्या प्रदर्शनात ही शेगडी मांडायची आहे. सोबत जाणाऱ्यांत माझं नाव आहे. आत्ता चूक निघाली तर राइमकुलोव मला जिवंत सोडणार नाहीत.

डिसेंबरापर्यंत थांबा. परत आलो की स्वतः बदल करतो, शब्द देतो. तोवर कृपा करून ड्रॉइंगप्रमाणेच चालू द्या.

तुमचा,
येरमेक


आयागोझ, २० सप्टेंबर १९८१

येरमेक बाळा,

डिसेंबरात मेंढपाळ काय बर्फ पांघरून झोपणार?

काळजी करू नकोस. चारशे शेगड्या पुऱ्या झाल्या. एकूण एक दार नीट लागतं, नीट उघडतं. विस्तव घालूनही पाहिलं.

आईला सलाम. तिला म्हणावं, आता बोल लेकाशी.

झाउरेश आपा


अल्मा-आता, २ ऑक्टोबर १९८१

प्रिय आपा,

तुमचं पत्र वाचून मी खुर्चीतून उडीच मारली! बघा, म्हटलं नव्हतं? मनावर घेतलं की तुमच्यासारखे हात केसाचं मापही पाळतात. दामेशताईंची शेगडी बहुधा एखाद्या खराब गठ्ठ्यातली असेल.

आणखी एक. तुमच्या तपासनिसांकडून, सेइतकालींकडून, राइमकुलोवना विचारणा आली होती, की शेगडीच्या ड्रॉइंगमध्ये काही दोष आहे का. मी त्याच दिवशी उत्तर लिहून दिलं: ड्रॉइंग निर्दोष आहे, त्याप्रमाणे केलेली प्रत्येक वस्तू उत्तम चालेल, वेगळं काही निघालं तर जबाबदारी करणाऱ्याची. खाली झोकात सही ठोकली. तुमच्या कामाला माझ्याकडून तेवढंच पाठबळ.

मॉस्कोहून तुमच्यासाठी काय आणू? लोकरी शाल चालेल?

येरमेक


आयागोझ, ११ ऑक्टोबर १९८१

येरमेक,

तुझं पाठबळ पोचलं. कारखान्याच्या सभेत सेइतकालीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. दारं लागतात, एवढंच लिहिलं होतं. ड्रॉइंगप्रमाणे केली, असं लिहिलं नव्हतं. तू ते तुझ्या सोयीनं वाचलंस. मी ओठाची दारं केली. चारशेच्या चारशे; आधीचे दहा नमुने त्यांत धरलेले नाहीत. डिसेंबरापर्यंत थांबा, असं तू लिहिलंच होतंस; कळवलं असतं तर तू पुन्हा अडवलं असतंस. म्हणून कळवलंच नाही. ती चूक माझी.

सेइतकाली वाईट माणूस नाही. त्याच्या हातात ड्रॉइंग आहे आणि मोजपट्टी आहे. ड्रॉइंग म्हणतं दोनशे नव्याण्णव, मोजपट्टी म्हणते दोनशे चौऱ्याण्णव. वर ओठ, जो कागदावर कुठेच नाही. त्यानं गोदामाला सील ठोकलं. महिनाअखेर सगळ्या शेगड्या भंगारात जायच्या आहेत. मला मशीनवरून काढलं. आता मी खिळे मोजून पुडक्यांत भरते.

खिळे मोजायला मला कमीपणा वाटत नाही. वाटतं ते एवढ्याचंच, की परवा मेंढपाळांचे ट्रक आले, दिवसभर गोदामापुढे उभे राहिले, आणि जुन्या तडकलेल्या शेगड्या घेऊनच हिवाळी तळांकडे निघून गेले. दामेश ट्रकच्या खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

शाल नको.

झाउरेश


तार, अल्मा-आता, १६ ऑक्टोबर

येतोय. शेगड्यांना कुणाला हात लावू देऊ नका. येरमेक


अल्मा-आता, २ नोव्हेंबर १९८१

झाउरेश आपा,

तुमच्यासमोर चार दिवस होतो, पण जे बोलायचं होतं ते तोंडून निघालं नाही. तुम्ही सतत तळलेले बाउरसाक पुढे करत होतात आणि माझं तोंड सतत भरलेलं होतं.

आपा, मी पत्रा वाकवण्याचं मशीन आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या कारखान्यात. लेनिनग्राडला माझा प्रबंध विमानातल्या उंची मोजणाऱ्या यंत्रावर होता. तिथे एक दशांशसुद्धा फार असतो. शेगडीचं काम आलं तेव्हा खालची ती सूचना मी माझ्याच जुन्या ड्रॉइंगवरून जशीच्या तशी उतरवली. विचार केलाच नाही. आणि ट्रेसिंग करणारी मुलगी वगैरे कुणी नाही. बाण माझा होता. हे तुम्हाला जुलैतच कळलं होतं, मला ठाऊक आहे.

सेइतकालींपुढे मी तुमच्या मशीनवर माझ्याच ड्रॉइंगप्रमाणे दहा पोटं वाकवली, तेव्हा मला वाटलं होतं निदान पाच तरी जमतील. सेइतकाली एकेक मोजायचे आणि खडूनं फुली मारायचे. पहिलं तीन मिलिमीटर चुकलं, शेवटचं एक. सुधारतोय, म्हणालो मी. ‘याच वेगानं चारशेव्या शेगडीला जमेल,’ ते म्हणाले. पण त्यानंतर त्यांनी स्वतः तुमचं ओठाचं दार उघडून लावून पाहिलं, पेटवून पाहिलं, आणि भंगाराची तारीख पंधरा दिवस पुढे ढकलली. तुम्ही तेव्हा खिळे मोजत होतात, मान वर केली नाहीत. मला ते दिसत होतं.

इथे परतल्यावर थेट राइमकुलोवकडे गेलो. रजा न घेता गेल्याबद्दल त्यांनी आधी पाऊण तास झाडलं. मग मी म्हणालो, ‘ड्रॉइंग चुकलंय. ते निर्दोष असल्याचं पत्रही चुकीचं. दोन्ही माझी.’

‘मॉस्कोनंतर सांगता आलं नसतं?’ ते म्हणाले.

‘मॉस्कोनंतर तिकडे बर्फ असेल.’

‘तू तिकडे राहतोस का?’

‘नाही. पण शेगड्या तिकडे राहतात.’

त्यांनी पुठ्ठ्याचं दार हातात घेऊन ओठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘सह्या मिळव. नऊच्या नऊ. मी फोन करणार नाही.’ तीन दिवस मी दारोदार फिरलो. एकानं मला हाकललं, दोघांनी भाषण दिलं, एका बाईनं चहा पाजला आणि म्हणाली, तिचा भाऊ मेंढपाळ आहे. शेवटची सही मिळाली तेव्हा माझ्या बुटाचा तळ उलगडला होता.

सोबत दुरुस्तीचा कागद आहे. सगळी मापं आतून, आणि तसं शब्दांत लिहिलंय. भोकं सगळी एकाच काठापासून. पोटाला दोन मिलिमीटर सूट, भोकांनाच तेवढा केस. दाराला ओठ. खाली टीप आहे: बदल झाउरेश कोझाबेक यांच्या सूचनेवरून. हे सेइतकालींना द्या, सील निघेल. तुम्हाला मशीनवर परत घेण्याचं पत्र वेगळं निघालंय.

प्रदर्शनाच्या यादीतून माझं नाव गेलं. वर्षभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासायला बसवलंय. आई म्हणते, बरं झालं, आता थोडं शिकशील.

येरमेक


आयागोझ, १ डिसेंबर १९८१

येरमेक बाळा,

सील नोव्हेंबरच्या सहा तारखेला निघालं. सेइतकालीनं स्वतः काढलं. मला मशीनवर घेतलं. हाताखालची पोरं म्हणाली, आपा, रडा की जरा. मी म्हटलं, गठ्ठा आणा, वेळ जातोय.

मेंढपाळ तर निघून गेलेले. मग शेगड्या तळांवर पोचवायला तीन ट्रक निघाले. पहिल्या दोन्हींत जागा नव्हती, तिसऱ्यात ड्रायव्हरशेजारी मी बसले. कारखान्यानं विचारलं, कशाला जाता? म्हटलं, खिळे मोजून डोळे आंबलेत, जरा लांबचं बघून येते. अकरा दिवस फिरलो. दोनदा बर्फात अडकलो. माझं वय बघून ड्रायव्हर मला फावडं देईना. मी ते हिसकावून घेतलं.

अगदी शेवटचा तळ चीनच्या बाजूच्या डोंगराखाली होता. शेगडी तिथे उतरवली, जुनी काढली, धुराडं जोडलं आणि पुढच्या वस्तीवर मुक्कामाला गेलो. तीन दिवसांनी परतताना वादळ लागलं, म्हणून त्याच घरी थांबलो. शेगडी आणून देणाऱ्यांपैकीच एक समजून त्यांनी मला आत घेतलं. मी कोण, काय करते, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घरात एक तरुण सून होती, काखेत सहा महिन्यांचं मूल. ती सासऱ्याशी एका लंगड्या मेंढीवरून वाद घालत होती. तो म्हणत होता कापू या, ती म्हणत होती वसंतात व्यायचीय, हात लावून बघा. बाहेर वारा असा, की छपराच्या कड्या वाजत होत्या. आत मूल उघड्या अंगानं हातपाय झाडत होतं.

वाद घालता घालता तिनं शेगडीचं दार पायाच्या अंगठ्यानं उघडलं, गोवरी आत टाकली, टाचेनं दार लावलं. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. धुराची एक रेघसुद्धा बाहेर आली नाही. मी मोजत होते, चहा संपेपर्यंत सात वेळा. सातही वेळा तिनं त्या दाराकडे पाहिलं नाही. मेंढीबद्दलच बोलत राहिली. शेवटी सासरा हरला.

येरमेक, ते मी पाहिलं आणि तू नव्हतास, म्हणून लिहिते आहे.

झाउरेश आपा